बायोस अपडेट: पंखा शहाणा झाला, अंडरव्होल्ट गेला

दिवाळीत लॅपटॉपची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलली, धूळ काढली, तरी दहा मिनिटांच्या गेमनंतर आय7-9750एच प्रोसेसर 97 अंशांवर जाऊन बसायचा. याची मर्यादा 100. तिथे टेकला की तो स्वतःच क्लॉक, म्हणजे आपला वेग, उतरवतो आणि ऐन मारामारीत फ्रेम अडखळतात.

रविवारी शेवटी बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) अपडेट केला. जुना 2019चा होता. माझा खरा डोळा सोबत येणाऱ्या ईसीच्या (मदरबोर्डवरची छोटी कंट्रोलर चिप) फर्मवेअरवर होता, कारण माझ्या लॅपटॉपचा पंखा कधी किती फिरायचा ते हा ईसीच ठरवतो. आधी बॅटरी पूर्ण भरली (आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नाही), बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) तात्पुरता थांबवला, नाहीतर चालू होताना रिकव्हरी की मागत बसतो. मग स्क्रीन काळी आणि पंखा फुल्ल. आई आतून ओरडली, "मिक्सर कोणी लावलाय रे?"

चाचणी नेहमीचीच: तोच गेम, तोच सेव्ह, अर्धा तास, खोली 31 अंश. पूर्वी 85पर्यंत आळसावलेला पंखा आता 70लाच जोर धरतो. तरी तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये सरासरी 93वरून फक्त 90. एवढंच?

ज्यातून मी व्होल्टेज बदलतो ते थ्रॉटलस्टॉप उघडल्यावर उलगडा झाला. माझा उणे 125 मिलिव्होल्टचा अंडरव्होल्ट (थंड राहावा म्हणून प्रोसेसरला मुद्दाम दिलेलं कमी व्होल्टेज) गायब, वर लिहिलेलं 'लॉक्ड'. डिसेंबर 2019मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी जाहीर झाली. व्होल्टेज खाली ओढून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली गणितं चुकवता येत होती. त्यानंतरच्या बायोसमध्ये व्होल्टेजला हात लावायची सोयच बंद होत गेली. म्हणजे पंख्याने कमावलं ते व्होल्टेजने खाल्लं. जुन्या आवृत्तीवर परतायला गेलो, तर अपडेटरने सरळ नकार दिला. त्या हल्ल्याला आधी ॲडमिनचे हक्क लागतात, त्यामुळे घरच्या गेमिंग मशीनसाठी हे कुलूप मला जरा जास्तच वाटतं. असो.

पॉवर लिमिट मात्र उघडी आहे. पीएल1 (प्रोसेसरने सलग किती वीज ओढायची ती मर्यादा) 45 वॅटवरून 38वर आणला: सरासरी 83, फ्रेम 72च्या 70. त्या दोन फ्रेम माझ्या डोळ्याला दिसत नाहीत, अडखळणं मात्र थांबलेलं लगेच कळतं. 35लाही पाहिलं, पण गर्दीच्या सीनमध्ये फ्रेम साठीखाली गेल्या, म्हणून परत 38.

ज्यांचा अंडरव्होल्ट अजून चालतोय त्यांनी अपडेटचं बटण दाबण्याआधी नोट्स वाचा. माझ्या नोट्समध्ये फक्त 'सुरक्षा सुधारणा' एवढंच होतं.

मे महिन्यात खोली 36वर गेली की हीच चाचणी पुन्हा.