बाबांचा तबल्याचा क्लास आणि तापलेलं ग्राफिक्स कार्ड

आज रविवार पूर्ण यातच गेला, पण सुटलं एकदाचं! कोथरूडच्या घरातून बाबांचा तबल्याचा क्लास लाइव्ह जातो आणि रेकॉर्डपण होतो, दोन आठवडे झाले मध्येच चित्र अडकायचं, बाबांचा हात सम गाठायचा आणि मुलांना तिथे अर्धाच दिसायचा, फार वाईट वाटायचं. टास्क मॅनेजर उघडला तर ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या वर, गेम वगैरे काही चालू नसताना. मला वाटत होतं एन्कोडिंगचाच (व्हिडिओ पाठवण्यासाठी लहान करण्याचा) लोड असणार, पण व्हिडिओ एन्कोडचा आलेख निवांत, वर चढलेला तो थ्रीडीचा. म्हणजे लोड सीन जोडण्याचा, स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर कॅमेरा, पट्ट्या वगैरे एकत्र करून एक चित्र बनवतं त्याचा, कारण कॅनव्हास (त्या चित्राचा आकार) ३८४० बाय २१६० वर होता, १०८०पीच्या (१९२० बाय १०८०) चौपट पिक्सेल, तेही सेकंदाला ६० वेळा, आणि वर हलणाऱ्या पट्ट्यांचे चार ब्राउझर सोर्स (चित्रावर दाखवलेली वेबपेजेस). कॅनव्हास १०८०पी केला, सेकंदाला ३० फ्रेम ठेवल्या, नको ते सोर्स काढले, प्रीव्ह्यू बंद. आता कार्ड चाळीस टक्क्यांच्या आसपास. ३० फ्रेममध्ये बोटं नीट दिसतील का ही धाकधूक होती, म्हणून बाबांना द्रुत तीनताल वाजवायला लावला. रेकॉर्डिंग बघून म्हणाले, "आता माझा 'तिरकिट' दिसतोय बघ." कुणाचं असं अडकत असेल तर आधी कॅनव्हास बघा, नवीन कार्डाच्या मागे लगेच लागू नका.