वापसा

नऊ वर्षं मी वारीला निघत होते. दर ज्येष्ठात यादी व्हायची: बूट, रेनकोट, मोज्यांचे चार जोड, क्रेप बँडेज. यादी इतकी चोख की मैत्रिणी मागून घ्यायच्या. त्यातल्या दोघी जाऊनही आल्या. माझं मात्र दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी मुलाची दहावी, कधी गुडघा, आणि एका वर्षी तर, खरं सांगते, काहीच नव्हतं. यंदा भावजयीने मला न विचारता दिंडीची भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी, भरून टाकली, म्हणून गेले.

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सगळ्यात लांबचा टप्पा, 32 किलोमीटरच्या आसपास. त्यात एकादशी. पोटात केळी आणि राजगिऱ्याचा लाडू. दिवेघाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या, कडेच्या दरडींवर कॅमेऱ्यांची दाटी. घाटाचं कौतुक फार होतं, पण घाट गर्दीच चढवून देते. माझे पाय बोलायला लागले ते वर पोचल्यावर, सासवडपर्यंतच्या साध्या रस्त्यावर. तिथे ना कॅमेरे, ना कौतुक.

मुक्कामी पोचलो तर पाऊस, आणि आमच्या राहुटीची एक बाजू चिखलात लोळत पडलेली. परभणीकडच्या एका मावशींनी माझ्या हातात हातोडा दिला.

"सरळ ठोकायची की तिरपी?" मी विचारलं.

"अंधार पडायलाय, ताई. ठोका आधी."

सरळ ठोकली. दोर ताणला तशी खुंटी अलगद वर आली, दातासारखी. दुसरीचंही तेच. तिसरी मी डोकं राहुटीपासून लांब कलेल अशी ठोकली आणि ती धरून राहिली. मावशींनी दोराला दोन वेढे दिले आणि काही न बोलता पुढच्या खुंटीकडे गेल्या. त्यांना माहीत होतं, हे उघड आहे. सांगितलं का नाही, ते मी विचारलं नाही.

मग समाजआरती. ही गोष्ट टीव्हीवर फारशी दिसत नाही. हजारो टाळ एकदम वाजत असतात आणि चोपदाराने दंड उंचावला की सगळं शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातो आणि उभ्याउभ्या गाऱ्हाणं ऐकतो. हरवलं-सापडलं पुकारलं जातं आणि मग आरती. मी वीस वर्षं नोकरी केली आहे. 'पाहू' आणि 'कळवतो' या दोन शब्दांवर माणसं कशी निवृत्त होतात, ते जवळून पाहिलंय. मीही त्यांच्यातलीच.

रात्री मावशींनी माझ्या टाचेचा फोड पाहिला. सुईत दोरा ओवून आरपार काढला आणि दोरा तसाच ठेवला, पाणी झिरपून जावं म्हणून. (डॉक्टरांना हे सांगू नका.) माझं लक्ष दुसरीकडे असावं म्हणून की काय, शेताचं सांगत होत्या. निघायच्या चार दिवस आधी सोयाबीन पेरून आल्या. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं शेतीखात्याचं सांगणं. तेवढा झाला होता, पण पुढचा येईल याची खात्री कोण देणार?

"मग थांबायचं होतं थोडं," मी म्हटलं.

"थांबलो की. दोन दिवस चिखल होता. चिखलात पेरलं तर बी कुजतंय. तिसऱ्या दिवशी वापसा आला. मग पुतणीचं लगीन होतं गावात, पण अक्षता टाकून ट्रॅक्टर गाठला. वापसा उडाला की नुसती ढेकळं."

वापसा हा शब्द मी शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचला होता, बहुतेक व्याख्या म्हणून: जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असते ती अवस्था. नऊ वर्षांपैकी माझा वापसा नेमका कोणत्या वर्षी आला नि गेला, याचा हिशेब करत जागी राहिले. गुडघ्याच्या वर्षी चिखलच होता, ते खरं. पण ते 'काहीच नव्हतं'चं वर्ष...

पालखी सासवडला दोन रात्री असते. दुसऱ्या दिवशी सोपानकाकांच्या समाधीच्या रांगेत मावशींना मुलाचा फोन आला. तिकडे पाऊस नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं, पाण्याच्या मोटारीचं काहीतरी सांगितलं, फोन पिशवीत टाकला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता जेजुरी," म्हणाल्या, आणि माझ्या टाचेतला दोरा निघाला का ते बघायला खाली वाकल्या.