आमच्यावर ७९ गुण झाले तो सामना

फोंड्याजवळच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. आमचं बास्केटबॉल कोर्ट उघड्यावर, चिऱ्यांच्या कुंपणाला लागून आहे. पाऊस लागला की सराव थांबतो. अशाच एका पावसात फिजिकल एज्युकेशनचे सर स्टाफरूममध्ये आले. "मॅडम, आमचा डिफेन्स कुठे फुटतो ते आकड्यांत काढून द्याल?"

त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. पहिल्या सामन्यात आमच्यावर ५८ गुण झाले, आम्ही ६१ करून जिंकलो. दुसऱ्यात ७९ झाले आणि ७६ वर हरलो. त्यामुळे बास्केटखाली खेळणारा दुसऱ्या वर्षाचा उंच मुलगा पुढच्या सामन्याला बाहेर बसणार होता.

स्कोअरशीटवर गुण आणि फाउल असतात; रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू, नसतात. म्हणून रविवारी मुलांनी मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ लावले आणि वहीत रेघा मारत बसले. चेंडू एका संघाच्या हाती आल्यापासून तो दुसऱ्याकडे जाईपर्यंतची खेळी म्हणजे एक पझेशन. ती मोजायची रीत सोपी आहे: समोरच्यांनी मारलेले शॉट, त्यातून त्यांनी परत मिळवलेले रिबाउंड वजा, टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेले चेंडू) अधिक, आणि फ्री थ्रोंना (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटना) ०.४४ ने गुणून येईल ते अधिक. प्रत्येक फ्री थ्रोने पझेशन संपत नाही, म्हणून हा अपूर्णांक. अमेरिकन कॉलेज संघांची आकडेवारी मांडणारे केन पोमेरॉय ०.४७५ धरतात, आमच्या आकड्यांत त्याने नावापुरता फरक पडला.

पहिला सामना: ५२ − १२ + ११ + ६.१६, म्हणजे ५७ पझेशन. दुसरा: ७१ − ८ + १६ + ५.२८, म्हणजे ८४. दर शंभर पझेशनला पहिल्यात आमच्यावर सुमारे १०१ गुण झाले होते, दुसऱ्यात ९४. मी तीनदा ताळा केला. ज्या सामन्यासाठी मुलं बोलणी खात होती, त्यातला डिफेन्स जास्त चांगला होता! पहिला सामना संथ चालला, एवढंच. दुसऱ्यात कमी पडलं ते आक्रमण: शंभराला ९० गुण. शिवाय समोरच्यांचे १९ पैकी १० थ्री पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) आत गेले होते, त्यातले बरेच आमच्या मुलांचे हात तोंडासमोर असताना. तसे शॉट रोज पडत नाहीत.

दोन सामन्यांवरून संघाची कुवत ठरत नाही, हे मी सरांना आधीच सांगितलं. पोमेरॉय प्रतिस्पर्धी किती तगडा आहे हेही हिशेबात घेतात. आमच्याकडे त्यासाठी पुरेसे सामनेच नव्हते. पण एका मुलाला बसवायला हे दोन सामने जर पुरत असतील, तर ते नीट मोजायला हवेत, असं मला मनापासून वाटत होतं.

सोमवारी सरांना पहिल्या सामन्यातले ते बारा रिबाउंड एकामागून एक दाखवले. हाती लागण्यासारख्या ३२ चेंडूंपैकी १२ समोरच्यांनी आमच्याच बास्केटखालून उचलले होते. दुसऱ्या सामन्यात ४० पैकी फक्त ८. चौथ्या क्लिपला सर पुढे सरकले. शॉट सुटताच आमचे दोन्ही गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब खेळणारे खेळाडू, पुढे पळायला लागत होते, आणि उंच मुलगा समोरच्यांपैकी एकाला पाठीवर धरून एकटा उभा असायचा.

"परत लावा," सर म्हणाले. मी परत लावलं.

संध्याकाळी पाऊस उघडला. सरांनी झाडू मागवून स्वतः कोर्टावरचं पाणी काढलं. मग दोन्ही गार्डना बास्केटखाली उभं केलं, आणि बॉक्स आउट, म्हणजे समोरच्याला पाठीमागे अडवून रिबाउंडसाठी जागा धरणं, कसं करायचं ते दाखवायला त्या मुलाला बोलावलं.