वळू प्रदर्शनाला का नेत नाही: तुम्ही विचारलंत म्हणून

"एवढा खिलार जातीचा वळू दावणीला असताना प्रदर्शनाला का नेत नाही?" हा प्रश्न मला खरसुंडीच्या यात्रेत विचारतात, सांगोल्याच्या बाजारात विचारतात, गाय भरवायला, म्हणजे वळू लावून घ्यायला, आलेला माणूस तर गाय टेम्पोतून खाली उतरवायच्या आधी विचारतो. त्याच्या मागोमाग दुसरा ठरलेला, की बैलाचं काम राहिलंय कुठं आता, मग पैदाशीच्या वळूला जुंपून त्याची खांद, म्हणजे जू बसतं ती मानेची जागा, कशाला खराब करता. दरवेळी मी काहीतरी अर्धवट सांगतो, समोरचा मान हलवतो आणि जाताना म्हणतो, तरी एकदा न्याच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. कोसा, काजळी हे खिलारातले प्रकार तुम्हाला ठाऊक आहेत, ते सांगत बसत नाही.

आधी एक स्पष्ट करतो. मी प्रदर्शनाच्या विरोधात नाही. नंबर येत नाही म्हणून द्राक्षं आंबट, असंही नाही, आमच्या जनावरांनी ढाली आणल्यात, त्या माळ्यावर आहेत. जे लोक वर्षभर खोंडाला पेंड, भरडा, दूध घालून, रोज खरारा करून रिंगणात आणतात त्यांच्या कष्टाला मी नावं ठेवत नाही. पण गाय कुठल्या वळूला दाखवायची हे रिंगणात ठरायला लागलं तिथं माझं भांडण आहे.

आमच्याकडं पद्धत अशी होती आणि मी अजून तीच चालवतो. खोंड आदत, म्हणजे दुधाच्या दातांचा, असतानाच त्याला वेसण, मग एखाद्या जुन्या शांत बैलाच्या जोडीला बांधून नुसतं चालवायचं, मग मागं ओंडका, मग रिकामी गाडी, आणि दुसा झाला, म्हणजे दोन पक्के दात आले, की हलकं काम, कोळपणी, पाभर. ठेचायचा, म्हणजे खच्ची करायचा, नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याचं काम बघायचं आणि मगच ठरवायचं की हा गाईवर जाणार की नाही. त्या वर्षभरात जे कळतं ते मोजपट्टीनं कळत नाही. दोन्ही खांद्यांवर सारखा जोर देतो का एका अंगानं ओढतो. दुपारी बारा वाजता तोंड उघडं टाकून धापा टाकतो का नाक फेंदारून निभावतो. संध्याकाळी सोडल्यावर आधी पाणी पितो, रवंथ करतो, का गव्हाणीकडं पाठ करून उभा राहतो. मुरमाड रानात खूर घट्ट राहतो का फाकतो. ओझं जड झालं की रेटून बघतो का जुवाखाली बसतो. पोरांच्या अंगावर जातो का. आमच्या माणदेशात जनावर टिकलं ते याच गुणांवर, दुधावर टिकलं नाही, खिलार गाय वासराला पाजून घरात लिटर-दोन लिटर देते, तेवढ्यासाठी कुणी ती पाळली नसती.

आता तो दिवस सांगतो, कारण प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

आमचा वळू बाजी तेव्हा सहादाती होता. त्या वर्षी पेरणी आणि कोळपणी त्यानं केली होती आणि त्याची चाल अशी होती की रस्त्यानं निघाला की माणसं मोटारसायकल थांबवून बघायची. तालुक्याच्या ठिकाणी प्रदर्शन होतं, गावातली पोरं मागं लागली, शिंगं साळून घेतली, खुरांना तेल लावलं, आण्णा, म्हणजे वडील, स्वतः टेम्पोत मागं त्याच्याजवळ बसून आले. रिंगणात तो शेवटच्या तिघांत आला. परीक्षक साहेब भला माणूस, उंची मोजली, छातीचा घेर मोजला, शिंगांची ठेवण, वशिंड, पोळी म्हणजे गळ्याखालची लोंबती कातडी, मुतारी म्हणजे लिंगावरचं कातडं, सगळं नीट बघितलं, घाई केली नाही. मग वशिंडाच्या पुढं मानेवर हात ठेवला आणि तिथंच थांबले. जिथं जू बसतं तिथली कातडी जाड झालेली, केस गेलेले, तळहाताएवढी जागा, काळपट.

म्हणाले, इथं डाग आहे.

मी म्हटलं, साहेब, डाग नाही, खांद तयार झालीय, सूज नाही, आवाळू म्हणजे गाठ नाही, दाबून बघा. त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितलं, बाजीनं कानसुद्धा हलवला नाही. ते म्हणाले, दुखत नाही हे खरंय, पण माझ्या कागदावर अंगकांती आहे, ठेवण आहे, रंग आहे, कामाचा रकाना नाही, मी काय करू. यात त्यांची काय चूक होती सांगा. जो कागद हातात दिला त्याप्रमाणं त्यांनी गुण दिले.

पहिला आला तो वळू देखणाच होता, मी नाकारत नाही. पांढरास्वच्छ, कातडी अशी की माशी घसरावी. पण त्याचे पुढचे खूर लांब वाढलेले, कारण ते कधी झिजलेच नव्हते, आणि वळताना मागचा पाय सावकाश उचलत होता. बक्षीस देताना माइकवरनं त्याच्या मालकाची मुलाखत घेतली आणि तो अभिमानानं म्हणाला की आजवर याला जू दाखवलेलं नाही. मांडवात टाळ्या पडल्या. बाजीचा कासरा माझ्या हातात होता आणि माझ्या शेजारी उभी राहिलेली माणसं, ज्यांनी आयुष्यभर बैल जुंपले, तीपण टाळ्या वाजवत होती. मला नंबर गेल्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही, झालं, पण त्या टाळ्यांनी जे झालं ते वेगळं. ज्या जनावरानं काम केलं त्याचा काम हाच दोष ठरला आणि ज्यानं केलं नाही त्याचा तोच गुण.

आणि खरा धक्का तर परत येताना बसला. मला वाटलं होतं आण्णा चिडले असतील. आण्णा म्हणाले, चार महिने जुंपू नको, हळद-तेल लाव, केस येतील, पुढच्या सालाला नंबर तुझाच. मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत ना की जुवाखाली न बघितलेला वळू गाईवर सोडायचा नाही? तर म्हणाले, अरं आमच्याकडं तेव्हा दुसरं होतं काय, रान नांगरायचं होतं म्हणून जुंपत होतो, पैदाशीची परीक्षा-बिरीक्षा हे तुझ्या डोक्यातलं.

यावर मी कितीतरी रात्री विचार केलाय. त्यांचं म्हणणं खरं असेल. पण मला असं वाटतं की त्यांनी परीक्षा म्हणून घेतली नसेल, तरी परीक्षा होत तर होती. जो बसला तो ठेचला गेला किंवा विकला गेला, जो चालला त्याच्याकडं गावानं गाया आणल्या. कुणी ठरवलं नव्हतं, पण शेकडो वर्षं निवड झाली ती अशी. आता काम गेलं आणि कामाबरोबर निवडही गेली, तिच्या जागी रंग आणि उंची येऊन बसली.

हे फक्त आपल्याकडंच होतंय असं नाही. ज्या देशांत गाई-बैल मांसासाठी पाळतात तिथं शेवटचा निकाल खाटिकाच्या काट्यावर लागतो, म्हणजे तिथं तरी फसवणूक चालू नये, पण चालली. अमेरिकेत १९४० आणि ५० च्या दशकांत हेरफर्ड आणि अँगस जातींत आखूड पायांचा, ठेंगणा, रुंद वळू रिंगणात जिंकायचा, मग सगळे तसलेच वळू शोधायला लागले. त्यातल्या बऱ्याच वळूंमध्ये खुजेपणाचा दोष लपलेला होता. एका बाजूनं आला तर जनावर नुसतं आटोपशीर आणि भरीव दिसायचं, परीक्षकाला आवडेल असं. आई-बाप दोघांकडून आला की वासरू खुजं, घुरघुरत श्वास घेणारं, काही कामाचं नाही. शेवटी नामांकित घराण्यांच्या लाईनीच्या लाईनी बाद कराव्या लागल्या. पुढं १९७०-८० मध्ये फॅशन उलटी फिरली आणि उंचच उंच जनावरांच्या मागं लागले, त्याचेही त्रास झाले. म्हणजे काटा असूनसुद्धा डोळ्यानं चकवलं. आपल्याकडं काट्याचं काम जू करत होतं आणि तेच आपण काढून ठेवलंय.

आता दुसरी बाजू, कारण तुमच्यातले काही जण हेच सुनावणार आहेत आणि त्यांचं ऐकून घ्यायला पाहिजे. पूर्वी मीही हेच बोलायचो, मोठ्यानं बोलायचो, की प्रदर्शन आणि बैलगाडीची शर्यत आहे म्हणून खिलार आहे. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा आमच्या बाजारात खोंडाला गिऱ्हाईक मिळेना, २०१५ मध्ये बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला बैल नको, शर्यतवाल्याला नको, आणि म्हातारा झाला तरी सांभाळायचा घरच्यानंच. कित्येकांनी त्या वर्षांत खिलार गाया काढून जर्सी-होल्स्टिन बांधल्या. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि परत दावणीला पांढरी वासरं दिसायला लागली. हे मी डोळ्यानं बघितलंय. तेव्हाचा मी आज समोर आला तर विचारेल, की काम बघून खोंड घेणारा माणूस दाखव. ऊसगाडीवाला आहे, तो दोन-अडीच टन ऊस ओढणारा बैल मागतो, पण त्याच्याकडं मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल असते, तो शर्यतीच्या खोंडाची किंमत कुठून देणार? मग माझ्या कामाच्या वळूचा खुराक कोण भरणार? याला माझ्याकडं उत्तर नाही. मी त्याला एवढंच म्हणेन की जात टिकली पण तिचे गुण गेले तर नक्की काय टिकलं ते मला सांग. तो म्हणेल, आधी टिकू तर दे. तिथंच आमचं भांडण अडकतं.

आणखी एक खरं सांगतो. त्या पहिल्या आलेल्या वळूला आमच्या शेजाऱ्यानं गाय दाखवली होती. तिचा खोंड दिसायला फोटोसारखा झाला, आणि जुवाला लावला तर कोळप्याच्या दुसऱ्या तासाला, म्हणजे ओळीला, बसला, उठवला, परत बसला. मी हे उदाहरण बरीच वर्षं सगळ्यांना सांगत होतो. पण त्याच वळूचा दुसरा एक खोंड पलीकडच्या गावात ऊसगाडीला चालतो आणि चांगला चालतो, हेही मला माहितीय. एका वासरावरून वळू ठरत नाही. म्हणून तर म्हणतो, वासरं जुंपून बघा, दहा बघा, लिहून ठेवा, मग बोला. आज चॅम्पियनची सीमेन कांडी, म्हणजे कृत्रिम रेतनाची, घेताना विचारायचं म्हटलं तरी कुणाला विचारणार, कारण त्याची पोरंपण कुणी जुंपलेली नसतात, तीही प्रदर्शनालाच जातात.

वजनाचं तर कुणी बोलतच नाही. खुराकावर वाढवलेला भारी वळू लहान चणीच्या कालवडीवर सोडला की ती भाराखाली बसते, कंबर धरते. गरीब माणूस चॅम्पियनच्या नावाला भुलून पहिलारू कालवड घेऊन येतो आणि लंगडती परत नेतो.

सध्या माझ्याकडं बाजीच्याच लाईनीचा काजळी खोंड आहे, नुकता दुसा झालाय. त्याला एक गिऱ्हाईक आलंय, रक्कम मोठी आहे, घराचं अर्धं काम त्यात होईल, आणि त्यांची अट एकच, जू लागायच्या आत द्या. घरातले म्हणतात देऊन टाक, आण्णा तर रोज म्हणतात. मी अजून होही म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. पेरणी तोंडावर आलीय, तोपर्यंत ठरवायला लागेल.

बाकी ज्यांना गाय आणायची आहे त्यांनी आणा, सकाळच्या वेळी आणा, उन्हात आणू नका. पहिलारू कालवड असेल तर आधी फोन करा. पैसे तुम्ही देता तेवढे घेतो. फक्त वासरू दोन-तीन वर्षांचं झालं की ते जुवाला कसं चाललं एवढं कळवा, बसलं असेल तर तेसुद्धा सांगा.