झिरकोनिया अ‍ॅनालायझर जास्त ऑक्सिजन दाखवत होता, माझा अनुभव

चेंबूरला आमच्या प्लांटमधे बॉयलरच्या फ्ल्यू गॅसवर (जळून बाहेर जाणारा धूर) झिरकोनियाचा ऑक्सिजन अ‍ॅनालायझर आहे, ऐन पावसाळ्यात त्याने डोकं खाल्लं. एरवी ३ टक्क्यांच्या आसपास असणारं रीडिंग ६ वर जाऊन बसलं. बॉयलरवाले काका म्हणाले, "अरे हवेचा डॅम्पर (झडप) तिथेच, जळणाचा गॅस तेवढाच, मग एवढी हवा आली कुठनं?" बाकी सगळ्यांचं एकच, सेल (आतला सेन्सर) गेला, नवीन मागवा. खर्च काय त्यांच्या खिशातनं थोडाच जातो!

मी टक्क्यांच्या आधी सेलचे मिलिव्होल्ट बघतो. सेल म्हणजे यिट्रिया मिसळलेल्या झिरकोनियम ऑक्साइडचा सिरॅमिक, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा थर. थंड असताना त्याचा काही उपयोग नाही, पण ७०० अंशांना तापला की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू शकतात, आणि दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधे फरक असेल तर व्होल्टेज मिळतं. आमच्याकडे एका बाजूला रेफरन्स म्हणून कोरडी इन्स्ट्रुमेंट एअर असते, म्हणजे २०.९५ टक्के (मुंबईतली पावसाळी दमट हवा दिली तर रेफरन्सच थोडा कमी होतो). दुसऱ्या बाजूलाही हवाच दिली की शून्य. ऑक्सिजन दहापट कमी झाला की साधारण ४८ मिलिव्होल्ट वाढतात, म्हणजे ऑक्सिजन कमी तर व्होल्टेज जास्त, नवीन पोरं इथेच गडबडतात. ३ टक्क्यांना ४१ च्या आसपास, ६ ला २६.

तर २ टक्के ऑक्सिजनचा कॅल गॅस (तपासणीसाठीचा, प्रमाण माहीत असलेला गॅस) सोडला, ४९ आले. हवा दिली, शून्य. हीटरचं तापमानही बरोबर, म्हणजे सेल ठणठणीत. मग सॅम्पल, म्हणजे फ्ल्यू गॅस, जोडलं की परत २६!

खरी गोम अशी की कॅल गॅस प्रेशरने येतो, लाईनीत कुठे लीक असला तरी गॅस थोडा बाहेर जातो, बाहेरची हवा आत शिरत नाही, त्यामुळे रीडिंग बरोबरच येतं. सॅम्पल मात्र अ‍ॅस्पिरेटर (गॅस खेचणारं उपकरण) ओढून घेतो, लाईन सक्शनमधे असते. म्हणून चालू सॅम्पलवर पेटलेली अगरबत्ती घेऊन एकेक फिटिंग बघत गेलो, प्रोबजवळच्या (सॅम्पल घेणाऱ्या नळीजवळच्या) नटाशी धूर सरळ आत खेचला जाताना दिसला. फेरूल (नटाच्या आत पाइप घट्ट धरणारी कडी) झिजलं होतं. ते बदललं, नट आवळला, मिलिव्होल्ट हळूहळू ४० वर. काका लगेच, "मग अगरबत्ती राहू दे इथेच, स्टोअरला सांगून पुडा मागव."