सात नंबरची फळी

नारायण पेठेतला मामाचा वाडा म्हणजे खाली वाण्याचं दुकान, वर बिऱ्हाड. दुकानाला शटर नव्हतंच. उंबऱ्याच्या खाचेत एकेक उभी फळी सरकवायची, शेवटच्या फळीला आडणा आणि कुलूप. फळ्यांवर कोरलेले आकडे, एक ते अकरा. क्रम चुकला की अकरावी बसायचीच नाही, आणि मग मामाचा आवाज चढायचा. सात नंबरची तेवढी फिकट आंब्याची, बाकी सगळ्या सागवानी. जुनी सातवी १२ जुलै १९६१ला पानशेतच्या पुरात वाहून गेली.

पुरात रस्त्याकडची भिंतही बसली होती. विटा मातीतच रचलेल्या, पाण्यात विरघळणारच. पण माडी जागची हलली नाही. कारण वजन भिंतीवर नव्हतंच. दगडी तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर पाट आणि वर मातीची जमीन. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. आजी घर खणांतच मोजायची: ‘दुकान तीन खणी, माजघर दोन.’ चौरस फूट हा शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकला नाही.

माडीचा जिना भिंतीच्या जाडीत, अंधारा, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. वर कुणी धावलं की कडीपाटातून माती झरायची, थेट तांदळाच्या पोत्यात. म्हणून मामानं पोत्यांवर जुनं धोतर बांधलेलं.