थायलंडचा निवृत्ती व्हिसा: अडकले ते घरमालकाच्या चिठ्ठीवर

पेन्शनवर थायलंडात राहायचं म्हटलं की सगळे बँकेतल्या आठ लाख बाथबद्दल सांगतात. टीएम 30 बद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझे सहा आठवडे तिथेच गेले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून आधी तेच.

परदेशी माणूस घरात राहायला आला की 24 तासांत इमिग्रेशनला कळवायचं, असं तिथला 1979 चा इमिग्रेशन कायदा सांगतो. कळवायचं घरमालकाने. त्या फॉर्मचं नाव टीएम 30. मालक उशीर करतो, दंड त्याला होतो, पण काम आपलं अडतं.

मी तिथे गेले तेव्हा भारतीयांना व्हिसाशिवाय 60 दिवस मिळत होते. त्या मुदतीत नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा (निवृत्ती व्हिसाची पहिली पायरी) करून घ्यायचा, तर थाई बँकेत स्वतःच्या नावावर बाहेरून आलेले पैसे दाखवावे लागतात. त्यासाठी खातं हवं. बँकेने रहिवासाचा दाखला मागितला, दाखल्यासाठी इमिग्रेशनने टीएम 30 ची पावती मागितली, आणि मालक म्हणाला की आधी लांब मुदतीचा व्हिसा दाखवा. वेड गेल्याशिवाय लग्न होईना, लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, तशी गत.

मालक शेवटी तयार झाला, तर चूक नावात निघाली. आपल्या पासपोर्टात 'गिव्हन नेम' या रकान्यात दोन शब्द असतात, स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. आडनाव वेगळ्या ओळीत. मालकाने ऑनलाइन फॉर्ममध्ये नवऱ्याचं नाव आडनावाच्या जागी घातलं आणि खरं आडनाव गाळलं. खिडकीवरच्या बाईंनी पासपोर्ट उघडा ठेवून एकेका अक्षरावर पेन फिरवलं आणि पावती परत सरकवली. मालक तेव्हा गावाला गेलेला. दुरुस्तीला बारा दिवस लागले.

तुम्ही असं करा. भाड्याचा करार करतानाच टीएम 30 ची अट लिहून घ्या आणि पावती हातात आल्यावरच डिपॉझिटची उरलेली रक्कम द्या. मालकाच्या ओळखपत्राची आणि घराच्या निळ्या पुस्तकाची (ताबियन बान) प्रत त्याच्या सहीनिशी घेऊन ठेवा. काही कार्यालयांत या प्रती आणि करार दाखवून भाडेकरूला स्वतःच वर्दी देता येते. मालक नाव भरत असताना शेजारी बसा. पासपोर्टाच्या खालच्या दोन यांत्रिक ओळींत आडनाव आधी येतं, ते बोट ठेवून दाखवा. भारतातून पैसे पाठवतानाही पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव अक्षरन् अक्षर तेच ठेवा.

पावती मिळाली तेव्हा माझे 18 दिवस उरले होते. या अर्जासाठी किमान 15 दिवस शिल्लक लागतात. त्यानंतर सगळं सरळ झालं: 2,000 बाथ फी, 90 दिवसांचा व्हिसा, आणि त्याच्या शेवटच्या महिन्यात टीएम 7 फॉर्म व 1,900 बाथ भरून वर्षाची मुदतवाढ. वयाची अट 50 पूर्ण. मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने आठ लाख खात्यात पडून हवेत, मंजुरीनंतर तीन महिने तेवढेच, आणि मग चार लाखांच्या खाली कधीच नाही. आठ लाखांऐवजी महिना 65,000 बाथ उत्पन्न दाखवलं तरी चालतं, पण ते साध्या पेन्शनीत बसत नाही. बँकेचं पत्र आणि पासबुकातली ताजी नोंद अर्जाच्याच दिवसाची न्या.

पैशांचं राहिलं. मी हिशोब केला तेव्हा एक बाथ अडीच-पावणेतीन रुपयांना होता, म्हणजे आठ लाख बाथचे वीस-बावीस लाख रुपये. भारताचे रहिवासी असतानाच रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून (रहिवाशांनी परदेशी पैसे पाठवण्याची सोय) ते पाठवणं सोपं. एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण पैसा अडकून राहतो. म्हणून अर्धे मार्चमध्ये, अर्धे एप्रिलमध्ये पाठवावेत. नवरा-बायकोचं संयुक्त खातं यासाठी वापरू नका, अर्जदाराचं एकट्याचंच हवं.

ओ-ए नावाचा दुसरा व्हिसा आहे, त्यात आरोग्यविमा सक्तीचा असतो. मी साधा ओ निवडला आणि विमा वेगळा काढला. काढाच, तिथली खाजगी रुग्णालयं स्वस्त नाहीत. या व्हिसावर काम करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

देशाबाहेर जाण्याआधी री-एंट्री परमिट घ्या, एकदाचं 1,000 बाथ, अनेकदाचं 3,800. ते विसरलात तर मुदतवाढ रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. दर 90 दिवसांनी टीएम 47 भरून पत्ता कळवायचा: तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत.

उत्तर थायलंडात घर घेणार असाल तर फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-रानं जाळल्याचा धूर असतो. दम्याच्या माणसांनी करार करण्याआधी त्या दिवसांत एकदा राहून बघावं.

पेन्शनसाठीचा नोव्हेंबरचा हयातीचा दाखला परदेशातून देता येतो, भारतीय दूतावासाच्या अधिकाऱ्याची सही चालते. पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत जाताना सोबत न्या. मी घरी विसरले होते, आणि ती बहिणीकडून मागवेपर्यंत नोव्हेंबर संपत आला होता.